पडद्याबाहेर आलेली अक्षरं

१

नानांच्या कॉम्प्युटरचा मेनू कुणीतरी पळवला होता.

'पळवला' हा नानांचाच शब्द. आदल्या संध्याकाळी त्यांनी यंत्र बंद केलं तेव्हा वरच्या पट्टीवर 'फाइल', 'संपादन', 'पहा' असे सरळ शब्द होते. सकाळी चालू केलं तर त्या जागी भलतंच काहीतरी येऊन बसलेलं. नानांनी सुनेला हाक मारली, सुनेनं बघितलं आणि लगेच बिघाडताईला फोन लावला.

बिघाडताईचं खरं नाव लोक केव्हाच विसरले होते. पंखा असो, प्रिंटर असो, बिघडलं की तिला बोलवायचं, म्हणून ती बिघाडताई. पन्नाशीची, सडपातळ, खांद्याला पिशवी. बोलताना ती माणसाकडे कमी आणि यंत्राकडे जास्त बघायची, आणि त्याबद्दल कुणाला राग येत नसे.

नाना तळमजल्यावर एकटेच राहत. बायको वर्षापूर्वी गेली. मुलगा-सून दोन गल्ल्या पलीकडे, वरच्या खोलीत पाट्या रंगवणारा एक पेंटर भाड्यानं. नानांनी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. आता निवृत्त झाले तरी प्रकाशकांची पुस्तकं त्यांच्याकडे यायचीच, कॉम्प्युटरवरून.

बिघाडताई खुर्चीत बसली आणि तिनं पडद्याकडे पाहिलं. एक वेलांटी एकटीच लोंबकळत होती, तिला अक्षरच नव्हतं. एक काना नुसता उभा. कुठे ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ, कुठे अर्धा तुटलेला त. जणू कुणी शब्दांची हाडं मोकळी करून परत रचायचा प्रयत्न केला होता आणि मधेच सोडून दिला होता.

"पानावरचा मजकूर बघ, ठणठणीत आहे," नाना म्हणाले आणि समोर उघडलेल्या पुस्तकातल्या दोन ओळी त्यांनी खणखणीत वाचून दाखवल्या. "फक्त मेनूला लागण झालीय."

बिघाडताईनं सवयीप्रमाणे आपलं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. नानांनी ते हातात घेतलं मात्र, त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अगं, 'दुरुस्ती'तला 'रु' ऱ्हस्व असतो. तू दीर्घ छापलायस. दुरुस्तीच नादुरुस्त!"

सून हसली, बिघाडताईही हसली. मग ती कामाला लागली आणि थोड्या वेळानं खुर्ची वळवून म्हणाली, "सापडलं. मेनूला अक्षरांचा एक साचा लागतो, त्याला फॉन्ट म्हणतात. कुणीतरी यात एक जुन्या पद्धतीचा फॉन्ट टाकलाय आणि त्याचं नाव नेमकं मेनूच्या फॉन्टचंच आहे. यंत्र नावाला भुललं. एकाच नावाचे दोन जावई दारात उभे राहिले तर सासूनं कुणाला घरात घ्यायचं?"

"टाकला कुणी?"

"काल दुपारी टाकलाय."

"काल दुपारी तर मी केस कापायला गेलो होतो," नाना सावकाश म्हणाले.

किल्ल्या तिघांकडे होत्या. मुलगा, सून आणि पेंटर. सुनेनं उगाचच पदर सारखा केला आणि ती चहा टाकायला उठली.

बिघाडताईनं तो उपरा फॉन्ट काढला, यंत्राच्या आठवणीत साठलेले त्याचे ठसे पुसले, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. मेनू परत आला. शाळेत हजेरी घ्यावी तसा नानांनी एकेक शब्द मोठ्यानं वाचला. सगळे हजर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. पलीकडून नानांचा आवाज अगदी बारीक येत होता, कुणी ऐकेल अशा भीतीनं.

"ते परत आलंय. आणि या वेळी जास्त आलंय."

२

बिघाडताई पोहोचली तेव्हा पेपर दाराबाहेर घडीत तसाच पडला होता. आत पडदे ओढलेले. नाना कॉम्प्युटरसमोर ताठ बसले होते. उजव्या हाताशी चहाचा कप कलंडला होता, चहा टेबलावरून ओघळून जमिनीवर सुकला होता. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

"बघ," ते म्हणाले.

तिनं पाहिलं. 'फाइल', 'संपादन', 'पहा'. स्वच्छ, सरळ.

"कुठे, नाना?"

"कुठे म्हणजे?" त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "हे काय! सगळीकडे. वारूळ फुटल्यासारखं. वर, खाली, पानात पण. पान तरी सुटलं होतं काल, आज तेही गेलं."

पानावर एक साधा परिच्छेद होता. एक विरामचिन्हही जागचं हललेलं नव्हतं.

"तुला दिसत नाही?" नानांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून बिघाडताईनं नजर परत यंत्राकडे वळवली.

तिनं सगळं तपासलं. नवा फॉन्ट नाही, केबल घट्ट. एकच गोष्ट विचित्र होती. पडद्यावर एकावर एक ढीगभर खिडक्या उघड्या होत्या. उघडलेली एकही बंद केलेली नव्हती. छापखान्यातला शिस्तीचा माणूस, हा पसारा त्याचा कसा?

"नाना, या बंद का नाही केल्या?"

"बंद करायची फुली सापडेना. तीसुद्धा नेलीय कुणीतरी."

फुली प्रत्येक खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात होती. जिथे नेहमी असते तिथेच.

बिघाडताई विचार करायला मागे टेकली. नानांचे हात मांडीवर, तिचे हात पिशवीवर. माऊस टेबलावर एकटाच.

आणि पडद्यावरचा बाण हलला.

तो सावकाश उजवीकडे सरकला, फुलीवर थांबला. खिडकी मिटली. मग दुसरी मिटली. मग तिसरी. घरात कुणी झाकपाक करत फिरावं तसा तो बाण एकेक खिडकी लावत गेला, आणि नाना दुसरीकडेच बघत होते.

३

"मीच होतो तो," मुलगा म्हणाला.

त्याच्या ऑफिसातल्या लहानशा खोलीत दोघं समोरासमोर बसली होती. यंत्रात लपवलेला एक प्रोग्राम बिघाडताईला सापडला होता. त्याच्या मदतीनं दुसरीकडे बसून तो पडदा बघता येई, बाणही हलवता येई. तो प्रोग्राम कुठून चालतो हे काढायला तिला वेळ लागला नव्हता; मुलाला गाठायला मात्र आठवडा गेला होता.

"चोरून बघता बापाला?"

"ताई, आई गेल्यावर बसवला. कधी पडले-झडले, यंत्र दिवसभर चालूच झालं नाही, तर निदान कळावं म्हणून." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आणि जे दिसतंय ते बघवत नाही. तास न् तास एकाच पानावर बसतात. बाण फिरतो तो नुसता डाव्या बाजूला, पिंजऱ्यात फिरावं तसा. उघडतात, बंद करत नाहीत. मग मीच करतो. एकदा त्यांच्या पडद्यावरचा कॅमेरा चालू करून पाहिलं, तर सरळ माझ्याकडेच बघत होते. म्हणजे पडद्याकडे. पण असं वाटलं..." तो थांबला. "असं वाटलं की पलीकडे कोण बसलंय हे त्यांना ओळखू येत नाहीये."

"फॉन्ट तुम्ही टाकलात?"

"मला फॉन्ट आणि फुटाणा यातला फरक कळत नाही."

तो हसला नाही. खणातून त्यानं एक माहितीपत्रक काढलं. हिरवळीचं चित्र, बाकावर बसलेले म्हातारे.

"पुढच्या आठवड्यात बाबांना इथे ठेवायचं ठरतंय. मलाही बरं वाटत नाही, पण बायको किती धावेल? काल तिला म्हणाले, 'तूच नेलीस माझी अक्षरं.' रडत घरी आली ती." तो पुढे वाकला. "तुम्ही फक्त एवढं करा. यंत्रात काही दोष नाही, असं बाबांना स्पष्ट सांगा. तुमचा शब्द ते मानतात."

यंत्रात दोष नव्हता, हे खरंच होतं. बिघाडताईची जीभ 'बरं' म्हणायला उचलली गेली होती. पण एक गोष्ट तिला टोचत होती. भास होणारा माणूस काहीही बघतो. साप बघतो, मेलेली माणसं बघतो. हा माणूस बाकी सगळं नीट बघत होता. तिला ओळखत होता, कालचं बोलणं त्याला आठवत होतं. गेली होती ती फक्त अक्षरं.

"दोन दिवस थांबा," ती म्हणाली. "बिघाड सापडल्याशिवाय मी यंत्राला निर्दोष म्हणत नसते."

"आणि नाहीच सापडला तर?"

४

पेंटरनं दार उघडलं आणि बिघाडताईची पिशवी बघूनच त्याचा चेहरा पडला.

"फॉन्ट तुमचा ना, पेंटरदादा?"

तो भिंतीला टेकून उभा राहिला. हाताला निळा रंग तसाच. "एका दुकानाच्या पाटीसाठी झोकदार अक्षरं हवी होती, ताई. नाना घरी नव्हते. सूनबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, पटकन करून घ्या. अक्षरांचा एक गठ्ठाच टाकला मी, सगळी आली आत. दुसऱ्या दिवशी मेनू बिघडल्याचं कळलं आणि आमच्या दोघांच्या तोंडाला कुलूप लागलं. त्यांना नवऱ्याची भीती, मला खोली जायची."

"त्यानंतर पुन्हा हात लावलात?"

"आईशप्पथ नाही." तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्या माणसाला एवढी भीती वाटत नाही. "ताई, खरं सांगू? मी आता खालून जातानासुद्धा भरभर जातो."

"का?"

पेंटरनं फरशीकडे बोट केलं. खाली नानांची खोली होती.

"दुपारी आवाज येतो. तुम्ही आलात ना दुसऱ्यांदा, त्या दिवसापासून. नाना एकटेच असतात आणि काहीतरी वाचतात, पण ते वाचणं नाही. 'क... का... कापा...' असं. एकेक अक्षर ओढून काढतात. परत पहिल्यापासून. पहिलीतल्या पोरानं वाचावं तसं, आणि आवाज मात्र म्हाताऱ्याचा." त्यानं दंडावरून हात फिरवला. "इतका अडाण्यासारखा आवाज त्या माणसाच्या तोंडून! माझ्या पाट्यांच्या चुका रस्त्यावरून ओरडून सांगायचे ते."

बिघाडताईची नजर फरशीवरच होती.

"आणि परवा माझ्या शिडीला धडकले. फाटकाच्या उजव्या बाजूला उभी होती, भर उन्हात, चांगली पिवळी शिडी. सरळ चालत आले आणि खांदा आपटला. वर मलाच विचारतात, 'ही कुठून उगवली?'"

बिघाडताई तशीच जिना उतरली. सांडलेला चहा उजवीकडे. फुली उजवीकडे. शिडीही उजवीकडे.

खालच्या खोलीतून आवाज येत होता. "भ... भि... भिं..."

तिनं दार ढकललं. आवाज तुटला.

५

"आज तुमच्या यंत्राला हात लावायचा नाही," ती म्हणाली आणि पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढून तिनं टेबलावर ठेवला. "हा माझा. याला माझ्याशिवाय कुणी शिवलेलं नाही. नेटही बंद केलंय. याच्यात कुणी शिरू शकत नाही, नाना. पटतंय?"

नानांनी मान हलवली.

"मी सांगते ते टाइप करा. आज सकाळी मांजर खिडकीत बसून उन्हाकडे पाहत होतं."

नानांची बोटं चालली. सफाईनं, एका लयीत, बटणांकडे न बघता. एकही चूक नाही. शेवटी पूर्णविरामसुद्धा त्यांनी जिथल्या तिथे दिला.

"आता वाचा."

नाना बघत राहिले. कपाळावर घाम आला. ओठ हलले, थांबले. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली, टेबलापासून दूर.

"हे मी लिहिलेलं नाही."

"आत्ताच लिहिलंत. मी समोर बसलेय."

"नाही! मी मांजराचं लिहिलं. हे ते नाही. हे..." त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि हातांमागून बोलले, "तुझ्या यंत्रातही आलं ना ते? मला वाटलंच होतं. ते आता पडद्यात राहत नाही."

"म्हणजे?"

नाना उठले आणि त्यांनी कपाट उघडलं. आत पेपर कोंबले होते, घडी न मोडलेले. त्यांच्यामागे भिंतीवरून काढलेली दिनदर्शिका, पुस्तकं, बायकोच्या फोटोखालची नावाची पट्टी.

"पडद्याबाहेर आलंय. आधी पेपरात गेलं. मग डब्यांवर. बाहेर बघितलं तर पेंटरच्या पाटीवर. जिथे बघावं तिथे तेच, वळवळणारं. कुणाला सांगू? सांगितलं असतं तर नेऊन ठेवलं असतं कुठेतरी. म्हणून कॉम्प्युटरचं तेवढं सांगत राहिलो. कॉम्प्युटर बिघडतो. त्याला कुणी वेडा म्हणत नाही."

बिघाडताईची नजर टेबलाकडे गेली. तिथे औषधाच्या दोन बाटल्या होत्या, दोन्हींवर बारीक अक्षरांची लेबलं.

"नाना, ही औषधं तुम्ही कशी ओळखता?"

"हलवून," नाना म्हणाले. "जी जास्त खुळखुळते ती सकाळची."

तिनं दोन्ही बाटल्या उचलून पिशवीत टाकल्या आणि मुलाला फोन लावला.

६

मुलगा आणि सून धावत आली. नाना दाराची चौकट धरून उभे होते, जणू कुणी ओढून नेणार आहे.

"मी कुठेही येणार नाही. मी वेडा नाही."

"वेडे नाहीच आहात," बिघाडताई म्हणाली. "बसा सगळे. आधी बिघाड ऐका, मग ठरवा."

ती उभी राहूनच बोलली.

"आपण सगळे एकच बिघाड शोधत होतो. बिघाड दोन होते. पहिला खराच यंत्रातला, पेंटरनं घातलेला फॉन्ट." सून मान खाली घालून काहीतरी पुटपुटली, बिघाडताईनं तिला हातानंच थांबवलं. "तो मी त्याच दिवशी काढला. त्या दिवशी नानांनी मला पान वाचून दाखवलं, माझ्या कार्डावरची चूक काढली, मेनूतला प्रत्येक शब्द वाचला. म्हणजे तोवर नानांना सगळं वाचता येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, परत आलंय. परत काहीच आलं नव्हतं. दुसरं आलं होतं. पण पहिल्याची आठवण ताजी होती म्हणून नानांनी त्याला तेच नाव दिलं, आणि आपणही."

"कसलं दुसरं?" मुलानं विचारलं.

"पहिल्या वेळी पान शाबूत होतं, दुसऱ्या वेळी पानही गेलं. माझ्या यंत्रावर गेलं, कागदावर गेलं, पाटीवर गेलं. इतक्या वस्तू एकदम बिघडत नाहीत. या सगळ्यांत सामाईक काय? बघणारे नाना. बरं, बुद्धी गेली म्हणावं तर आत्ता माझ्यासमोर अख्खं वाक्य बिनचूक लिहिलं. लिहिता येतं, वाचता येत नाही. आणि उजवीकडचं दिसत नाही. चहा, फुली, शिडी. एका रात्रीत, ठरावीक गोष्टी, ठरावीक बाजू. नाना, मनाचा आजार असा मोजून-मापून नेत नाही. अशी नेमकी तार तुटते ती कुठेतरी आत. त्या तारेचं नाव मला माहीत नाही. ते डॉक्टर सांगतील. पण आज, आत्ता."

मग सून उठली. तिनं नानांच्या चपला आणून त्यांच्या पायांशी ठेवल्या.

"चला, बाबा," ती म्हणाली. "तुमची अक्षरं मी नेली नाहीत. पण शोधायला तुमच्याबरोबर येते."

नानांनी चौकट सोडली.

७

रक्ताची एक बारीक गुठळी होती. मेंदूच्या मागच्या भागात, डाव्या बाजूला, जी बाजू उजवीकडचं बघते. डॉक्टरांनी चित्र दाखवून समजावलं, की डोळे चांगले आहेत, भाषाही जागेवर आहे, पण एकापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी वाट खचली आहे. लिहिण्याची वाट वेगळी, म्हणून ती वाचली. मग त्यांनी बाटल्या पाहिल्या. रक्तदाबाची गोळी बऱ्याच दिवसांत पोटात गेलीच नव्हती, दुसरीच दोनदा जात होती. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर पुढची गुठळी एवढी लहान नसती, एवढं बोलून ते थांबले. मुलगा बाहेर जाऊन व्हरांड्यात बराच वेळ उभा राहिला. ते हिरवळीचं माहितीपत्रक पुन्हा कुणी पाहिलं नाही.

नाना घरी आले. भूत नाही, वेड नाही, एवढं कळल्यावर भीती गेली. पण अक्षरं आली नाहीत. आणि भीती गेल्यावर जे उरलं ते जास्त वाईट होतं. नाना भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. पुन्हा वाचायला शिकवण्यासाठी दवाखान्यातून येणाऱ्या बाईंनी युक्ती सांगितली होती, की डोळ्यांनी दिसतं त्यावरून बोट फिरवा, हाताला ओळख पटते, मग हात डोक्याला सांगतो. नाना एक शब्द गिरवायचे, ओळखायचे, दुसऱ्या शब्दाला दमून जायचे. "एका ओळीला अर्धी सकाळ," ते म्हणाले. "मुद्रितशोधक होतो मी. आता मीच एक छपाईची चूक आहे."

एका सकाळी बिघाडताई सहज डोकावली. सून कॉम्प्युटरसमोर बसली होती. प्रकाशकानं पाठवलेलं पुस्तक तिनं उघडलं होतं. परत पाठवायचं जिवावर आलं होतं, म्हणून निदान बघावं तरी, असं तिला वाटलं होतं. ती मोठ्यानं वाचत होती, थोडी अडखळत. पुस्तकं वाचणं हे तिचं काम कधीच नव्हतं. नाना पलंगावर, पाठ फिरवून.

"'तो दारापर्यंत गेला आणि मागे वळून न पाहता म्हणाला थांब मी येतो.'"

"थांब," भिंतीकडून आवाज आला.

सून दचकली. "काय झालं, बाबा?"

"'म्हणाला'नंतर तू श्वास घेतला नाहीस."

"तिथे काही नाहीये."

"तेच म्हणतोय. काही नाहीये, आणि असायला हवं." नाना कुशीवर वळले. "स्वल्पविराम दे. अवतरणचिन्ह दे. आणि 'थांब'नंतर पूर्णविराम. माणूस तिथे थांबतो, म्हणून तर तो थांब म्हणतोय ना!"

सुनेनं बटणं दाबली. मग ती पडद्याकडे बघत बसली, बोट तसंच बटणावर.

"दिलं," ती म्हणाली.

नाना उठून बसले होते. त्यांनी उशी पाठीशी घेतली आणि डोळे मिटले.

"हं. पुढे वाच."